झटके थांबले, मग डोक्याला वायरी कशाला?

पत्र असं आहे:

"मॅडम नमस्कार, आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. माझे सासरे (त्यांना आम्ही मामा म्हणतो), वय ६४, रविवारी रात्री बाथरूममध्ये पडले. बीपी होता, गोळ्या मधेमधे बंद करायचे. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात रक्तस्राव निघाला. हॉस्पिटलला नेताना एकदा आणि कॅज्युअल्टीत एकदा असे दोनदा झटके आले, अख्खं अंग ताठ होऊन हललं. इंजेक्शनं दिल्यावर झटके थांबले, मग व्हेंटिलेटर लावला. मंगळवारी सकाळी झोपेचं औषध बंद केलंय पण मामा अजून डोळे उघडेनात. पुन्हा सीटी केला, रक्तस्राव वाढलेला नाही म्हणाले. आता डॉक्टर म्हणतात २४ तास ईईजी लावून ठेवायचा, मशीन बाहेरून मागवावं लागेल, खर्च वेगळा. भेटायला येणारे सगळे बोलायलेत की झटके तर थांबलेत मग ही टेस्ट कशाला, बिल वाढवायचं काम आहे. आत्या म्हणतात मामांची उजवी पापणी मधेच फडफडते आणि अंगठा हलतो, सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या असं होतं. दीर पुण्यात असतात, ते म्हणतात लगेच पुण्याला हलवा. मिस्टरांना टॉवेलच्या कारखान्यात सुट्टी मिळेना, सह्या मीच करायलेय. डोक्याला करंट देतात का हो? आम्ही बोललेलं मामांना कळतं का? काय करू ते सांगा."

ताई, तुमचं पत्र बुधवारी रात्री आलं, असल्या गोष्टीला सदराच्या दिवसाची वाट बघत बसता येत नाही म्हणून गुरुवारी सकाळीच फोनवर थोडक्यात बोलले, आता इथे नीट लिहिते कारण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या कितीतरी घरांना हाच प्रश्न पडतो आणि त्यांना सांगायला कुणाला वेळ नसतो. एक गोष्ट आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद काढणारी टेक्निशियन आहे, डोक्याला वायरी लावणं आणि मशीनसमोर बसणं हे माझं काम, त्यामुळे कुठलं औषध किती द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण ही टेस्ट कशाला सांगतात आणि तिच्यातून काय मिळतं काय नाही ते मी तुम्हाला सांगू शकते.

तर आधी उत्तर. टेस्टला हो म्हणा. मामांच्या बाबतीत डॉक्टरांनी ती उगीच सांगितलेली नाही. आधी अंग हलवणारे झटके आले, औषधाने ते थांबले, झोपेचं औषध बंद करून दीड दिवस झाला, सीटीत नवीन काही नाही, तरी माणूस उठत नाही, नेमक्या अशाच पेशंटला ईईजी लावून बघायचा असतो. आणि ज्या कारणासाठी पाहुणे नको म्हणतात, म्हणजे अंग हलत नाही, तेच कारण आहे टेस्ट करायचं.

झटका म्हणजे आपल्याला दिसतं ते अंग हलणं, दात आवळणं, तोंडाला फेस. पण तो परिणाम झाला, मूळ गडबड मेंदूत असते, मेंदूच्या पेशी एकाच वेळी, एकाच तालात, थांबायचं नाव न घेता विजेचे ठोके देत सुटतात. त्या गडबडीचा हुकूम हातापायांपर्यंत पोचला तर अंग हलतं, नाही पोचला तर हलत नाही. झटका लांबला की बऱ्याचदा असं होतं की अंगाची हालचाल हळूहळू कमी होत जाते, शेवटी एखादी पापणी, एखादं बोट, ओठाचा कोपरा, नाहीतर काहीच नाही, आणि मेंदूत मात्र चालूच. त्यात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला कधीकधी स्नायू सैल पडायचं औषध दिलेलं असतं, त्याने स्नायू थांबतात, मेंदूतला झटका थांबत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कारखान्याचं शटर ओढलेलं असलं म्हणून आतले माग बंद आहेत असं रस्त्यावर उभं राहून कुणी सांगू शकत नाही, तसंच आहे हे. डॉक्टर लोक याला नॉन-कन्व्हल्सिव्ह स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, बोलताना नुसतं एनसीएसई, तुमच्या कानावर हा शब्द पडला तर घाबरू नका, हाच तो प्रकार.

आता हे किती वेळा होतं, कारण पाहुण्यांना आकडे सांगितले की ते जरा ऐकतात. अमेरिकेत १९९८ साली एक अभ्यास छापून आला, १६४ पेशंट, सगळ्यांना अंग हलवणारे लांबलेले झटके येऊन गेलेले आणि वरून बघता ते थांबलेले. त्यांना सलग ईईजी लावला तर ४८ टक्के लोकांच्या मेंदूत झटके चालूच होते, आणि १४ टक्के लोकांत तर तो सलग चालणारा, न दिसणारा प्रकार होता. मामांचे दोन झटके त्या लोकांइतके लांबले होते की नाही मला माहीत नाही त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा त्यांना लावू नका, पण दिसणं थांबलं म्हणजे थांबलं असं नसतं एवढं तरी त्यातून कळतं. २००० साली दुसरा अभ्यास आला, २३६ बेशुद्ध पेशंट, झटक्याची बाहेरून काहीही खूण नसलेले, त्यातल्या ८ टक्के लोकांत हा प्रकार सापडला. आठ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण हे असं कारण आहे ज्यावर औषध आहे, म्हणून ते शोधायचं.

उशीर केला तर काय होतं तेही सांगते. मेंदूत झटका आवरायची सोय निसर्गानेच केलेली असते, पेशींवर गाबा नावाच्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागा असतात, ते लगाम लावायचं काम करतात. झटका लांबत गेला की हे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, बाहेर कमी उरतात. आणि कॅज्युअल्टीत पहिलं जे इंजेक्शन देतात, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम, ते याच रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे जेवढा वेळ जाईल तेवढं औषध कमी लागू पडतं. त्यामुळे "दोन दिवस बघू, उठले तर उठले" हा सल्ला देणारे पाहुणे कितीही जवळचे असले तरी त्यांचं ऐकू नका.

आणि आत्यांचं ऐका. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. उजवी पापणी फडफडणं आणि अंगठा हलणं हे काहीच नसू शकतं, बेशुद्ध माणसाचे स्नायू असेही फडफडतात, पण हीच ती बारीक खूण असू शकते, आणि ते कोणतं हे डोळ्याने बघून आत्यांनाही सांगता येणार नाही, सिस्टरनाही नाही आणि मलाही नाही. सिस्टरवर रागावू नका, एकेका सिस्टरकडे किती बेड असतात ते तुम्ही बघताच आहात. पण राउंडला डॉक्टर आले की आत्यांना पुढे करा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या, कुठली पापणी, किती वेळ, दिवसातून किती वेळा, अंगठा त्याच वेळी हलतो का वेगळा. एका कागदावर वेळ लिहून ठेवा. आयसीयूत मोबाईल काढू देत असतील तर डॉक्टरांना विचारून नुसत्या चेहऱ्याचा आणि हाताचा छोटा व्हिडिओ घ्या, तोंडी वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. पुढे ईईजी चालू असताना ते परत झालं तर वेळ सांगायची, त्या मिनिटाला लहरी काय करत होत्या ते बघितलं की वाद मिटतो.

करंट देतात का? नाही, अजिबात नाही. ही भीती मला रोज भेटते, कारण लोकांनी सिनेमात शॉक देताना बघितलेलं असतं. ईईजी मशीन आत काही पाठवत नाही, मेंदू स्वतः जी वीज तयार करतो ती डोक्याच्या कातडीवरून टिपतं, आणि ती वीज केवढी तर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट, एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. ही काही नवीन निघालेली टेस्टही नाही, जर्मनीत येना गावात हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते छापून आणलं. नवीन आहे ती बेडजवळ दिवसरात्र चालू ठेवायची सोय, सोबत कॅमेरा, आणि ती फाइल दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला बघता येणं.

लावतात कसं ते सांगते म्हणजे तुम्हाला आणि आत्यांना धसका बसणार नाही. टेक्निशियन आधी टेपने डोकं मोजतो, नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि त्या मापाच्या १० टक्के आणि २० टक्के अंतरावर रंगीत पेन्सिलने खुणा करतो, ही पद्धत १९५८ पासून जगभर एकच आहे, म्हणून सोलापुरात काढलेला ईईजी मुंबईत किंवा लंडनमध्ये बसून कुणीही वाचू शकतो. मग प्रत्येक खुणेवर केस बाजूला करून कातडी खरखरीत जेलने घासून साफ करायची, त्यावर पेस्ट घालून वायरीचं टोक बसवायचं, वर गॉजचा तुकडा. अशा साधारण वीसएक वायरी लागतात. सलग २४ तास ठेवायचं असेल तर नुसत्या पेस्टवर भागत नाही, चिकटवून टाकतात आणि डोक्याभोवती बँडेज गुंडाळतात. केस कापायची गरज नसते. टोक नीट चिकटलंय का ते मशीन आकडा दाखवून सांगतं, तो ५ किलोओहमच्या खाली आला की माझा जीव भांड्यात पडतो.

आणि इथेच तेलाचा प्रश्न येतो. आपल्याकडे माणूस आजारी पडला की डोक्यावर तेल घालायचं, आत्यांनीही घातलं असेल, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण तेलकट कातडीवर वायर धरत नाही, दर तासाला निघते आणि रेकॉर्डिंग फुकट जातं. तर आजपासून तेल बंद, आणि वायरी लावायच्या आधी मामांचे केस कोरड्या शांपूने किंवा ओल्या कपड्याने पुसून घ्या म्हणून सिस्टरना सांगा. कपाळावर अंगारा लावत असाल तर तो पुसून तिथेही वायर बसते, म्हणून आत्यांना सांगा की तेवढे दोन दिवस अंगाऱ्याची पुडी सिस्टरना विचारून उशीशेजारी ठेवा. बेडजवळच्या बोर्डावर स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावू नका, आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, ती लहरींत मिसळते. मामांच्या छातीवर किंवा खांद्यावर हलकं थोपटतो ना आपण, ते सुद्धा ईईजीत इतकं तालात उमटतं की बघणाऱ्याला झटका वाटावा. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी गुळगुळ करतं, हवेच्या गादीचा पंप चालतो, छातीची फिजिओथेरपी होते, सगळं उमटतं. म्हणून कॅमेरा चालू असतो, बघणाऱ्याला कळतं की ही लहर मेंदूची का थोपटण्याची. हात धरून बसा, त्याने काही बिघडत नाही.

२४ तास कशाला, अर्ध्या तासात का दिसत नाही, हे तुमच्या मिस्टरांनी विचारलं असं फोनवर म्हणालात. हे झटके येतात जातात. अर्धा तास लावला आणि त्या अर्ध्या तासात नाही आला तर रिपोर्ट साफ. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलने २००४ साली ५७० पेशंटचा हिशोब मांडला, १९ टक्के लोकांत झटके सापडले आणि त्यातल्या बहुतेकांचे, म्हणजे ९२ टक्के लोकांचे, फक्त ईईजीवरच दिसणारे होते. ज्यांना सापडले त्यातल्या ८८ टक्के लोकांत पहिला झटका २४ तासाच्या आत दिसला, पण जे पूर्ण बेशुद्ध होते त्यांच्यात पाचातल्या एकाला तो २४ तास उलटून गेल्यावर दिसला. म्हणून उद्या डॉक्टर म्हणाले की अजून एक दिवस ठेवू तर त्यात लगेच संशय घेऊ नका, पण कशासाठी ते विचारा.

आता पैशाचं. हे मी टाळणार नाही कारण घर चालवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सलग ईईजी परवडत नसेल किंवा मशीन लवकर मिळत नसेल तर काहीच न करणं आणि २४ तास ठेवणं एवढे दोनच रस्ते नाहीत. हॉस्पिटलमध्ये थोडा वेळ लावायचं साधं मशीन आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात, तर आजच्या आज त्यावर अर्धा-एक तासाचा ईईजी काढायला सांगा, आणि तो साफ आला तरी उद्या परत एकदा. स्वित्झर्लंडमध्ये २०२० साली याच प्रश्नावर चांगला अभ्यास झाला, एका गटाला ३० ते ४८ तास सलग ईईजी, दुसऱ्या गटाला वीस-वीस मिनिटांचे दोन. सलग लावलेल्यांत झटके जास्त सापडले, औषधंही जास्त बदलली, पण सहा महिन्यांनी दोन्हीकडे दगावलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मामांना तो तंतोतंत लागू होत नाही, कारण नुकतेच झटके येऊन गेलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, मामांना तर रविवारी झटके आलेत, त्यामुळे जमत असेल तर सलगच बरा. पण नाहीच जमलं तर आपण मामांना वाऱ्यावर सोडलं असं मनाला लावून घेऊ नका, पुन्हा पुन्हा काढलेला साधा ईईजी ही सुद्धा नीट विचार करून केलेली गोष्ट आहे.

सही करायच्या आधी खर्च लेखी मागा, मशीनचं भाडं, टेक्निशियन, आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांची फी यात धरली आहे का वेगळी. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा आणि मामांचं अ‍ॅडमिशन योजनेत बसतं का, ईईजी पॅकेजमध्ये धरतात का वरून द्यावा लागतो हे स्पष्ट विचारून घ्या. आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: रेकॉर्डिंग कोण बघणार आणि किती तासांनी? कारण वायरी २४ तास लावून ठेवल्या आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला तर पेशंटला त्याचा काय उपयोग. दर काही तासांनी कुणीतरी न्यूरोचा माणूस ते बघणार असेल, निदान रात्री एकदा आणि सकाळी एकदा, तरच त्या खर्चाला अर्थ आहे. हा प्रश्न विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर चिडत नाही.

काय सापडू शकतं ते सांगते म्हणजे रिपोर्टच्या दिवशी गोंधळ होणार नाही. एक, झटके स्पष्ट दिसतील. हल्लीचा नियम असा की झटका सलग १० मिनिटं चालला, किंवा एका तासात मिळून १२ मिनिटं भरली, तर त्याला स्टेटस म्हणायचं, आणि मग डॉक्टर औषध वाढवतील, लेव्हेटिरासिटॅम नावाचं झटक्यांचं औषध चालू असेल तर जोडीला फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट, त्यानेही नाही आवरलं तर पुन्हा मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉलने झोपवतील. "आत्ता तर झोपेचं बंद केलं, परत चालू केलं" म्हणून पाहुणे ओरडतील, त्यांना सांगा की यावेळी ते लहरी बघून देतायत. पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे डॉक्टर चुकले असंही नसतं, अमेरिकेत २०१९ साली लेव्हेटिरासिटॅम, फॉस्फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट ही तिन्ही औषधं अंग हलवणाऱ्या न थांबणाऱ्या झटक्यांसाठी एकमेकांशी ताडून बघितली, प्रत्येकाने साधारण निम्म्याच पेशंटमध्ये काम केलं.

दोन, झटके नाहीत, लहरी नुसत्या मंद आहेत. मग न उठण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं, रक्तस्राव नेमका कुठे आहे, सूज, सोडियम, शुगर, इन्फेक्शन, आणि झोपेचं औषध शरीरातून अजून गेलंय का, कारण वय झालेल्या माणसात आणि किडनी-लिव्हर कमी चालत असेल तर मिडाझोलाम बंद केल्यावरही रेंगाळतं. किडनीचा त्रास असेल आणि सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या, त्यानेही असे न दिसणारे झटके येऊ शकतात. रिपोर्टमध्ये झटके नाहीत म्हणजे पैसे वाया गेले असं कृपा करून म्हणू नका, नसलेल्या झटक्यासाठी जड औषधं देणं त्यामुळे टळतं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, धड झटका नाही आणि धड साधंही नाही, ठराविक वेळाने टोकदार लहर येत राहते. किडनी किंवा लिव्हर बिघडलं तरी तसं दिसतं. अशा वेळी डॉक्टर ईईजी चालू ठेवून एक इंजेक्शन देऊन बघतात, लहरी सुधारल्या का आणि माणूस जरा तरी जागा झाला का, दोन्ही. नुसत्या लहरी सपाट झाल्या आणि माणूस तसाच राहिला तर त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. इथे वाचणाऱ्याचा अनुभव लागतो, दोन डॉक्टरांची मतं वेगळी आली तरी कुणी फसवतंय असं समजू नका.

मामा उठतील का हे तुम्ही पत्रात विचारलं नाही पण फोनवर शेवटी तेच विचारलंत. खरं सांगायचं तर ईईजी त्याची गॅरंटी देत नाही. रक्तस्राव केवढा आणि कुठे झालाय, वय, आधीची तब्येत, यावर जास्त अवलंबून आहे. झटके सापडले आणि आवरले तर वाटेतला एक अडथळा दूर होतो, एवढंच म्हणता येईल, आणि तेवढं करून घेणं आपल्या हातात आहे.

बोललेलं कळतं का, तर याच्यावर २०१९ साली एक अभ्यास आलाय, मेंदूला नुकतीच इजा झालेले आणि काही सांगितलं तर अजिबात न करणारे १०४ पेशंट, त्यांना हेडफोनमधून हाताची मूठ उघड-मीट करा असं सांगत राहायचे आणि ईईजी कॉम्प्युटरने तपासायचा. हात कुणाचाच हलला नाही, पण १६ जणांच्या मेंदूत ते ऐकून समजल्यासारखा फरक उमटला. ही खास तपासणी आहे, मामांच्या ईईजीत ते दिसणार नाही, आणि मामा त्या १६ जणांत आहेत का तेही कुणी सांगू शकणार नाही. पण बोलत राहा. आत्यांनी नेहमीच्या आवाजात बोलावं, नातवंडांचं सांगावं, आणि बेडशेजारी उभं राहून बिलाची आणि "आता काही खरं नाही" ची चर्चा कुणालाही करू देऊ नका, बाहेर पाठवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. नुसत्या ईईजीसाठी हलवू नका. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला अडीचशे किलोमीटर न्यायचं म्हणजे रस्त्यात चार-पाच तास, बीपी वरखाली झाला तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये करणार काय, आणि तेवढे तास ईईजीही नाही. सोलापुरात न्यूरोफिजिशियन आहेत, आज बेडपाशी येऊन कुणीतरी बघू दे ही मागणी आधी करा. हलवायचं ते ऑपरेशन लागणार असेल आणि इथे होत नसेल तर, किंवा झटके सापडले आणि दोन-तीन औषधांनीही आवरले नाहीत आणि इथे सलग ईईजी चालू ठेवायची सोय नसेल तर, आणि तेही इथल्या आणि तिथल्या डॉक्टरांचं आपसात बोलणं होऊन तिकडचा बेड पक्का झाल्यावर.

दिरांची काळजी खरी आहे, लांब असलेल्या माणसाला जास्तच घोर लागतो, त्यांच्याशी भांडू नका, त्यांना काम द्या. ईईजी झाला की रिपोर्टच्या कागदासोबत पूर्ण रेकॉर्डिंगची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, दोन्ही सीटीच्या फिल्म किंवा सीडी पण. ते सगळं दिरांकडे पाठवा आणि पुण्यातल्या न्यूरोच्या डॉक्टरांची वेळ घेऊन त्यांना दाखवायला सांगा. पेशंट जागचा न हलवता दुसरं मत मिळतं, आणि हलवायची वेळ आलीच तर तिकडच्या डॉक्टरांना केस आधीच माहीत असेल.